संस्थानी जडजवाहीर: काही टिकले, काही पांगले, असे का?

मोडीवाचक: हैदराबादच्या निजामाचे 173 दागिने आज भारत सरकारच्या मालकीचे असून रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत एकत्र आहेत. बडोदा आणि पतियाळा येथील जामदारखान्यांतले (राजाच्या जवाहीरखान्यांतले) कितीतरी नामांकित दागिने मात्र परदेशी लिलावांत निघाले. संपत्ती सगळीकडेच अफाट होती आणि विलीनीकरणही साधारण एकाच सुमारास झाले. मग एवढा फरक का पडला? राजाच्या पश्चात हे दागिने कायद्याने नेमके कोणाचे ठरत, हे जाणकारांनी सांगावे.

दप्तरदार: सगळे मालकीवर येऊन ठरते. संस्थाने होती तोवर राज्याचा जामदारखाना आणि राजाची खासगी चीजवस्तू यांत काटेकोर भेद फारसा कोणी केला नव्हता. विलीनीकरणाच्या वेळी प्रत्येक संस्थानिकाला खासगी मालमत्तेची यादी सरकारला सादर करावी लागली आणि तीत मान्य झालेल्या वस्तू त्याच्या झाल्या. पुढे 1957 च्या संपत्ती कर कायद्याने सरकारमान्य वंशपरंपरागत जवाहिराला करमाफी दिली. मात्र ते कायम भारतातच ठेवायचे आणि त्याची मूळ घडण जपायची, अशा अटी घातल्या. या सवलतीत न बसणाऱ्या दागिन्यांवर दरवर्षी संपत्ती कर आणि मालक वारल्यावर 85 टक्क्यांपर्यंत चढणारा मृत्युकर (तो 1985 मध्ये रद्द झाला) असा दुहेरी भार होता. 1971 मध्ये संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखेही बंद झाले. अशा स्थितीत चार वारसांत एक कंठा वाटायचा, तर तो विकण्यावाचून किंवा मोडण्यावाचून काय गत्यंतर होते?

निजाम उस्मान अली खान यांनी 1951 आणि 1952 मध्ये दोन न्यास (ट्रस्ट) स्थापून निवडक जवाहीर विश्वस्तांच्या स्वाधीन केले. त्यामुळे वारसांचा हक्क उत्पन्नावर राहिला. एखादा सरपेच (पगडीवरचा दागिना) उचलून नेण्याची मुभा कोणालाच उरली नाही. विश्वस्तांनी विक्री काढली तेव्हा प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात अडकले, आणि अखेर 1995 मध्ये सरकारने हा संग्रह 218 कोटी रुपयांना विकत घेतला. माझ्या मते त्या न्यासपत्रांशिवाय हा संग्रह कधीच फुटला असता.

पाचूबंद: दप्तरदारांच्या विवेचनाला एक जोड देतो. बडोद्यात कायदा पोहोचण्याआधीच जवाहीर देशाबाहेर गेले होते. प्रतापसिंहराव गायकवाड यांना 1951 मध्ये पदावरून दूर करण्यात आले. तोवर त्यांच्या पत्नी महाराणी सीतादेवी यांच्याबरोबर बरेच जवाहीर युरोपात पोहोचले होते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी नेण्यास खासगी व्यक्तींना मनाई करणारा पुरावस्तू कायदा तर 1972 चा. बडोद्याच्या प्रसिद्ध सातपदरी मोत्यांच्या कंठ्यातले निवडक 68 मोती 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दोनपदरी माळ म्हणून आले आणि सुमारे 71 लाख डॉलरना गेले. खंडेराव महाराजांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा 2009 मध्ये दोहा येथे विकला गेला.

पतियाळाची गोष्ट मला अधिक जिव्हारी लागते. महाराजा भूपिंदरसिंग यांच्यासाठी पॅरिसचे जवाहिरे कार्तिए यांनी 1928 मध्ये घडवलेल्या हारात 2930 हिरे होते. तो 1948 च्या सुमारास खजिन्यातून नाहीसा झाला. मधला सुमारे 234 कॅरटचा पिवळसर हिरा 1982 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात सुटा प्रकटला, आणि 1998 मध्ये लंडनमध्ये हाराचा सांगाडा सापडला, तोही मोठे खडे उपसलेला. कार्तिए यांनी त्या रिकाम्या कोंदणांत कृत्रिम खडे बसवून तो पुन्हा उभा केला. मोठा हिरा वजनावरून आणि रंगावरून ओळखता येतो; लहान खडे एकदा बाजारात मिसळले, की ते कुठल्या हारातले हे सांगण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून मोडलेला दागिना मला विकल्या गेलेल्या दागिन्याहून मोठी हानी वाटते.

मोडीवाचक: दोघांचेही मनःपूर्वक आभार. न्यास आणि खासगी मालकी यांतला फरक आता स्पष्ट झाला. मात्र एकत्र टिकलेले ते 173 दागिने तरी लोकांना कितीदा पाहायला मिळतात?

दप्तरदार: क्वचितच. 184.75 कॅरटच्या जेकब हिऱ्यासह हा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2001, 2007 आणि 2019 मध्ये मांडला गेला होता. तो हैदराबादेत कायमस्वरूपी मांडावा, ही तेथील लोकांची जुनी मागणी आहे आणि मला ती सर्वस्वी रास्त वाटते. सार्वजनिक पैशाने घेतलेली वस्तू तिजोरीत बंद ठेवायची, तर ती खरेदी कोणासाठी केली, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.