मॉन्ट्रियलचं 'फोरम' बंद झालं, तिथला प्रेक्षकही संपला का?

गोलरक्षक

आईस हॉकीवर मराठीत फारसं लिहिलं जात नाही, म्हणून मुद्दाम हा धागा काढतोय. मत आधीच सांगून टाकतो. ११ मार्च १९९६ च्या रात्री कॅनडातल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाने डॅलस स्टार्सला ४-१ ने हरवलं, संघ नव्या मैदानात गेला आणि फोरममधली हॉकी थांबली. त्या रात्रीनंतर या खेळातला सर्वांत जाणकार प्रेक्षकही विखुरला, असं मला ठामपणे वाटतं.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सेंट कॅथरिन रस्ता आणि ॲटवॉटरच्या कोपऱ्यावरचं हे बंदिस्त मैदान १९२४ साली १५९ दिवसांत उभं राहिलं. कॅनेडियन्सच्या तेव्हाच्या मैदानावर नैसर्गिक बर्फ होता आणि तो वेळेत गोठला नाही, म्हणून २९ नोव्हेंबरचा पहिला सामना त्यांना इथे मिळाला. टोरांटो सेंट पॅट्सचा त्यांनी ७-१ असा धुव्वा उडवला. तेव्हा आत नऊ हजारांच्या आसपासच माणसं मावायची. स्वस्त तिकिटांच्या बाकांवर नंबर नसायचे, जो आधी पोचेल त्याची जागा. तिथे बसणाऱ्या कामगारांना सगळे 'मिलियनेअर्स' म्हणायचे.

या लोकांना खेळ किती कळायचा याचा दाखला म्हणजे ३१ डिसेंबर १९७५ चा सामना. समोर सोव्हिएत लष्कराचा 'रेड आर्मी' संघ. कॅनेडियन्सने गोलवर ३८ फटके मारले, पाहुण्यांनी फक्त १३, आणि निकाल ३-३. त्यांचा गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याने एकट्याने विजय रोखून धरला होता. शीतयुद्धाचा काळ, प्रतिस्पर्धी संघ, आपल्या पोरांच्या हातचा सामना निसटलेला, आणि तरी फोरमने उभं राहून त्या गोलरक्षकाला दाद दिली. हे पाहायला लोक नुसत्या निकालासाठी आलेले नसावे लागतात.

उत्तरवारा

असहमत. १९७५ ची रात्र आठवायची आणि १७ मार्च १९५५ ची वगळायची, हे कसं चालेल?

त्याच्या चार दिवस आधी बोस्टनमध्ये कॅनेडियन्सचा लाडका खेळाडू मॉरिस रिशार याने एका खेळाडूला स्टिकने मारलं आणि अडवायला आलेल्या लाइन्समनला (पंचाच्या सहायकाला) ठोसे लगावले. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला त्या मोसमाचे उरलेले सामने आणि त्यानंतरच्या सगळ्या प्लेऑफमधून (विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांमधून) बाहेर काढलं. १७ तारखेला डेट्रॉइटविरुद्ध सामना होता. तो सुरू झाल्यावर कॅम्पबेल येऊन नेहमीच्या जागी बसले. अंडी आली, टोमॅटो आले. ते तसेच बसून राहिले. पहिलं सत्र संपल्यावर एक माणूस हात पुढे करून त्यांच्याजवळ गेला. हस्तांदोलन करायला आलाय असं वाटेपर्यंत त्याने थोबाडीत ठेवून दिली. मग अश्रुधुराचं नळकांडं फुटलं. हजारो माणसं खोकत, डोळे चोळत जिन्यांकडे धावली. त्या जिन्यांवर चेंगराचेंगरी झाली असती तर आज आपण याच वास्तूबद्दल वेगळ्या सुरात बोलत असतो. सामना डेट्रॉइटला बहाल झाला आणि बाहेर सेंट कॅथरिनवर दुकानांच्या काचा फोडून लूटमार झाली.

पुढचा भाग मला जास्त खटकतो. रिशार बाहेर असल्यामुळे त्याच संघाचा बर्नी जेफ्रिऑन खेळाडूंच्या गुणतक्त्यात त्याच्या पुढे गेला, ७५ विरुद्ध ७४. आपल्याच खेळाडूची घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, कारण त्याने गोल केले! याला जाणकार म्हणायचं?

गोलरक्षक

@उत्तरवारा, जेफ्रिऑनचं पटलं. त्याच्यावर अन्यायच झाला, त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण दंगल फक्त हॉकीची होती का? क्युबेकमध्ये फ्रेंच भाषिक बहुसंख्य, आणि कारखाने, बँका, मोठ्या हुद्द्यांवर इंग्रजी भाषिक. रिशार फ्रेंच भाषिकांतला, मशिनिस्टचं काम शिकलेला, सरळ गोलकडे झेपावणारा. त्याला शिक्षा करणारा अधिकारी इंग्रजी भाषिक. साठून राहिलेला राग त्या रात्री फुटला. आणि दुसऱ्या दिवशी रिशारने स्वतः रेडिओवरून शांततेचं आवाहन केलं, तेव्हा त्याच लोकांनी ते ऐकलं. शहर शांत झालं. ज्या गर्दीला फक्त तोडफोड करायची असते ती इतक्या लवकर घरी जात नाही.

पाचवी रांग

दोघेही एका गोष्टीला बगल देताय. कोणतं फोरम?

१९२४ चं फोरम मुळात मॉन्ट्रियल मरून्स या इंग्रजी भाषिकांच्या संघासाठी बांधलं गेलं, शहराच्या पश्चिमेला, श्रीमंत वेस्टमाउंटला खेटून. कॅनेडियन्स कायमचे राहायला आले १९२६ मध्ये. मरून्स १९३८ मध्ये बंद पडले, तेव्हा कुठे घर पूर्णपणे त्यांचं झालं. १९४९ मध्ये जागा वाढवल्या. १९६८ मध्ये तर वास्तू आतून जवळपास नव्याने बांधली: दृष्टीच्या आड येणारे खांब गेले, छत नवं आलं, दर्शनी बाजूला एकमेकांना छेदणाऱ्या हॉकी स्टिकसारखे दिसणारे सरकते जिने आले. म्हणजे ज्या फोरमने १९७५ मध्ये त्रेत्याकला आणि १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीच्या पहिल्या परफेक्ट १० ला टाळ्या दिल्या, ते कॅनेडियन्सचा जुना खेळाडू हॉवी मॉरेन्झ याच्या काळचं फोरम नव्हतंच. भिंती बदलल्या तरी प्रेक्षक टिकला होता. मग १९९६ मध्येच तो कसा विखुरला?

आणि व्यवहारही बघा. नव्वदच्या दशकात खेळाडूंचे पगार भराभर वाढले, कंपन्यांना विकायला आलिशान बॉक्स हवे होते. शिकागो स्टेडियम १९९४ मध्ये बंद, बोस्टन गार्डन १९९५, टोरांटोचं मेपल लीफ गार्डन्स १९९९. मॉन्ट्रियल एकटं जुन्या घराला धरून बसलं असतं तर संघच विकायची पाळी आली असती.

शिट्टी

गोलरक्षक यांच्याशी शंभर टक्के सहमत. फोरममध्ये असताना २२ स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं. शेवटचा १९९३ चा, तोही याच बर्फावर जिंकलेला. नव्या मैदानात आजवर शून्य.

उत्तरवारा

@शिट्टी, १९४२ ते १९६७ लीगमध्ये फक्त सहा संघ होते. आज तीसच्या वर आहेत. कप दुर्मिळ झाला त्याला छप्पर जबाबदार नाही. शिवाय १९९३ चा कप जिंकल्यावरही रस्त्यावर दंगलच झाली, आणि तेव्हा रागाचं काही कारणसुद्धा नव्हतं.

चंद्रकोर

उशिरा आले, पण या विषयावर गप्प बसवत नाही.

पाचवी रांग यांचा मुद्दा मी पुढे नेते. हॉवी मॉरेन्झचा पाय जानेवारी १९३७ मध्ये फोरमच्या बर्फावर मोडला आणि मार्चमध्ये तो गेला. अंत्यविधी फोरममध्येच झाला, तारीख ११ मार्च. पुढे ५९ वर्षांनी त्याच तारखेला तिथला शेवटचा सामना झाला. हजारो लोक शवपेटीजवळून गेले. आता मे २००० बघा. रिशार वारला, त्याचं पार्थिव संघाच्या नव्या मैदानात, मोल्सन सेंटरमध्ये ठेवलं आणि एका दिवसात एक लाखाहून जास्त लोक रांग लावून दर्शन घेऊन गेले. ज्या वास्तूला आत्मा नाही म्हणतात, तिथे चार वर्षांत हे घडलं. तेव्हा प्रेक्षक संपला हे मला मान्य नाही.

पण त्या दिवशी तिकीट नव्हतं, हे लक्षात घ्या. सामन्याच्या दिवशी तीच माणसं आत येऊ शकतात का? माझी तक्रार इथे आहे. नव्या मैदानात जागा २१ हजारांच्या वर आहेत, पण त्यातला मोक्याचा पट्टा कंपन्यांच्या बॉक्सना गेला. उभं राहून सामना बघणारा, खिशात थोडे पैसे असलेला माणूस वर, दूर ढकलला गेला. गोलरक्षक 'मिलियनेअर्स'बद्दल इतक्या जिव्हाळ्याने लिहितात, तर भांडण भिंतींसाठी नको, दरांसाठी हवं. प्रत्येक सामन्याची काही शे तिकिटं नंबर न टाकता, स्वस्तात, फक्त खिडकीवर विकावीत. आधी येईल तो आत.

आणि जुन्या वास्तूचं म्हणाल तर टोरांटोने जास्त बरं केलं. मेपल लीफ गार्डन्समध्ये खाली किराण्याचं मोठं दुकान आलं, पण वर त्याच घुमटाखाली विद्यापीठाने बर्फाचं मैदान केलं आणि तिथे विद्यार्थी आज हॉकी खेळतात. फोरममध्ये सिनेमागृहं आली, मध्यभागाची खूण आणि थोड्या खुर्च्या राहिल्या. बर्फ मात्र गेला, आणि तो ठेवता आला असता.