चौरस तिरका धरला की मुलगी ओळखत नाही. आकार शिकवायचे कसे?

ओवीची आई (चिंचवड)

नमस्कार. माझी मुलगी जूनमध्ये चार वर्षांची झाली, ज्युनिअर केजीत आहे. भिंतीवर आकारांचा तक्ता लावलाय, त्यावर बोट ठेवून घडाघडा म्हणते: वर्तुळ, चौरस, त्रिकोण, आयत. मला वाटलं, आलं हिला. परवा शेजारच्या दादाचा पतंग हातात घेतला आणि विचारलं, हा कोणता आकार? म्हणाली, "पतंग आकार." तोच पतंग फिरवून कड खाली धरली तर लगेच "चौरस!" पुन्हा टोक खाली केलं की पुन्हा पतंग. त्रिकोणाचंही तेच. टोक खाली आलं की "हा पडलाय, हा त्रिकोण नाही."

शाळेतून येणाऱ्या वर्कशीटवर सगळे त्रिकोण एकाच ठेवणीचे असतात, खाली आडवी रेघ आणि वर टोक. सासूबाई म्हणतात, येईल आपोआप. नवरा म्हणतो, एखादं चांगलं ॲप घेऊ. मला एवढंच कळत नाहीये की हे वयाचं आहे की आमचंच काही राहून जातंय. घरी नेमकं काय करू?

निशांत (नाशिक)

आमच्याकडे ॲप आहे. मुलगा पटापट बोट लावतो, टाळ्या वाजतात, तो खूश. पण ताटात सामोसा आला तेव्हा आकार विचारला तर नुसता बघत राहिला. लाकडी खाचांचं पझल आणलंय, तुकडा बरोबर खाचेत बसवतो. मलाही याचं उत्तर हवंय, म्हणून इथे थांबतो.

बालवाडीच्या बाई (डहाणू)

ओवीच्या आई, घाबरू नका, पण "येईल आपोआप" म्हणून सोडूनही देऊ नका. मी डहाणू तालुक्यात बालवाडी चालवली, प्रशिक्षण कोसबाडला झालं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

ओवी करतेय ते या वयाला धरूनच आहे. हॉलंडमधल्या पिएर आणि दिना व्हॅन हील या नवराबायकोने 1957 साली भूमिती समजण्याच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार अख्खा बघतं. बाजू मोजत नाही, कोपरे बघत नाही. आपण माणसाचा चेहरा ओळखतो तसं ते आकार ओळखतं, म्हणून उलटा केला की ओळख पटत नाही. बाजू आणि कोपरे बघायची पायरी त्याच्या पुढची. आणि व्हॅन हील यांचं म्हणणं असं की ती नुसतं वय वाढून येत नाही, मुलाला काय करायला मिळतं त्यावर येते. म्हणून सासूबाईंचं अर्धंच खरं.

अमेरिकेत डग्लस क्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 3 ते 6 वर्षांच्या मुलांना कागदावरचे आकार ओळखायला लावले होते, 1999 सालचा अभ्यास. वर्तुळ जवळपास सगळ्यांना आलं, चौरस बहुतेकांना. त्रिकोण मात्र शंभरात साठ वेळाच बरोबर, आयत त्याहून कमी. विचार केला तर पटतं. वर्तुळ कसंही फिरवा, वर्तुळच दिसतं. त्रिकोण उंच, बसका, काटकुळा, कलंडलेला, शंभर तऱ्हांचा. आणि आपण तक्त्यावर दाखवतो एकच. मुलाने त्या एका चित्राला त्रिकोण म्हटलं तर त्याचं काय चुकलं? म्हणून तक्ता काही दिवस उतरवून ठेवा.

सुरुवात कागदापासून करू नका. बालवाडीचा पाया घालणाऱ्या फ्रेबेलने लहान मुलाच्या हातात आधी चेंडू दिला, मग लाकडी गोळा, ठोकळा आणि नळकांडं. सपाट आकार नंतर. तुमच्या घरात चेंडू आहे, डबा आहे, बिस्किटाचा पुडा आहे, काडेपेटी आहे. पाट एका बाजूने उचलून उतार करा आणि तिलाच सोडून बघू दे. काय गडगडतं, काय घसरतं, काय एका अंगाने घसरतं आणि दुसऱ्या अंगाने गडगडतं. डब्याशी मुलं फार वेळ खेळतात. मग कणकेचा गोळा थापून त्यावर डब्याचं बूड दाबा, काडेपेटीची बाजू दाबा. उमटलेला ठसा तिने बोटाने गिरवायचा. वस्तूतून आकार निघतो हे तिथे हाताला कळतं.

आता तुमचा उलटा त्रिकोण. वाटाणे रात्रभर भिजत घाला. खराट्याच्या काड्या सारख्या तोडून घ्या, टोचणारी टोकं तुम्ही काढा. काडीचं टोक वाटाण्यात खुपसायचं, वाटाणा म्हणजे कोपरा. तीन काड्या, तीन वाटाणे. हा खेळही मूळचा फ्रेबेलचाच, पण आमच्याकडे खराटा आणि वाटाणे कुणाच्याही घरी असायचे. त्रिकोण झाला की तो मुलाच्याच हातात राहू द्या. ते फिरवतं, उलटा करतं, डोक्यावर टोपी म्हणून धरतं. मध्येच विचारायचं, "आता काड्या किती? कोपरे किती?" मूल पुन्हा मोजतं, पुन्हा तीनच येतात. टोक खाली असतानाही तीनच. मग लांब काड्या द्या, एक आखूड आणि दोन लांब द्या. काटकुळा, तिरपागडा त्रिकोण होतो, तरी तीनच.

लगेच चार काड्यांचा करा. दोन्ही हातांत धरून हलकेच दाबला की चौकोन एका अंगाला कलतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. एक पोरगी दोन्ही आकार आलटून पालटून दाबत बसली होती आणि शेवटी ओरडली, "बाई, ह्यो ऐकतच नाय!" तिला त्रिकोणाचं नावही अजून नीट येत नव्हतं, पण तो चौकोनापेक्षा वेगळा का, हे तिच्या बोटांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी वाटाणे वाळून काड्या पक्क्या धरतात, मग ते आकार दोऱ्याने टांगा. वाऱ्यावर फिरतात, सगळ्या बाजूंनी दिसतात.

आकार नसलेलंही दाखवा, हे घरी कुणी करत नाही. पोळीची घडी घाला, चतकोर. ओवीला विचारा, हा त्रिकोण आहे का? बहुतेक "हो" म्हणेल. मग तिचं बोट कडेने फिरवा: सरळ, कोपरा, सरळ, कोपरा, आणि तिसरी कड वळली. तिचं तिलाच थांबू दे. काड्यांच्या त्रिकोणात एक कोपरा उघडा ठेवून विचारा, आत मुंगी ठेवली तर बाहेर पडेल का? बंद आकार म्हणजे काय, हे यातून व्याख्येशिवाय समजतं.

आमच्या भागातली एक गोष्ट सांगते. वारली चित्रात माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वरचा टोक खाली करून उभा. लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात, सूर्य-चंद्र गोल काढतात. आमची मुलं हे जन्मापासून बघत आलेली, त्यांना उलटा त्रिकोण कधी "पडलेला" वाटला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं, खडे हाताशी घेतले. मुलाने जे पाहिलंय तिथूनच धरा. ओवीने पतंग पाहिलाय ना, मग पतंगच घ्या.

पुठ्ठ्याचा चौरस कापा, एका कोपऱ्यावर लाल ठिपका द्या. तिच्यासमोर जमिनीवर ठेवून अगदी सावकाश फिरवा, तिची नजर ठिपक्यावर. "आता चौरस आहे? आता?" ती म्हणेल "आता पतंग झाला." "चूक" म्हणू नका. "बरं, काय बदललं? कोपरा तुटला? बाजू वाढली?" असं विचारा आणि उत्तराची घाई करू नका. आज नाही पटलं तर पुढच्या आठवड्यात पटेल. "चौरसाने पतंगाचं सोंग घेतलंय" म्हटलं तरी मुलांना चालतं.

नावांबद्दल माँटेसरीबाईंची रीत मला सगळ्यांत योग्य वाटते. आधी हातात देऊन सांगायचं, "हा त्रिकोण." मग दोन-तीन ठेवून, "त्रिकोण दे." आणि हे व्यवस्थित जमल्यावरच बोट दाखवून, "हे काय?" आपण पाहुण्यांसमोर थेट तिसऱ्यावर जातो. निशांत, तुमच्या मुलाला सामोशाचा आकार विचारलात, तो हाच तिसरा प्रश्न. "ताटात त्रिकोण कुठंय?" म्हटलं असतंत तर बोट दाखवलं असतं. ॲपला मी शत्रू मानत नाही, पण काचेवर सगळे आकार बोटाला सारखेच गुळगुळीत लागतात. चार वर्षांच्या मुलाला कोपरा टोचला पाहिजे.

गुण्या (सांगली)

मी सुतार. बाईंनी चौकोन कलतो म्हणून लिहिलंय, त्याच्यावरच आमचा धंदा आहे. लाकडी फाटकाला तिरकी पट्टी मारतो ती याचसाठी. तिरकी पट्टी मारली की दोन त्रिकोण होतात, मग फाटक लोंबत नाही. दाराची चौकट जोडताना गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावतो आणि वर दोन्ही कर्ण टेपने मोजतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात.

ताई, जवळच्या कुठल्याही सुताराकडे जा आणि फळीचे उरलेले तुकडे मागा. ढिगाने पडलेले असतात. पॉलिश पेपर मारून कडा गुळगुळीत करून घ्या म्हणजे कुसळ लागणार नाही. त्यात लांबुडके त्रिकोण, तिरके चौकोन, सगळं मिळतं. दुकानातल्या पझलमध्ये असले वेडेवाकडे तुकडे येत नाहीत. माझी नात त्यांची वाटणी करत बसते, तीन टोकांचे इकडे, चार टोकांचे तिकडे.

ओवीची आई

बाई, खूप खूप आभार. काड्या-वाटाण्यांचं काल केलं. तिने त्रिकोण उलटा धरून मला दाखवला आणि "पडला तरी तीनच" म्हणाली! पतंगावर मात्र अजून ठाम आहे. दादा, तुमचेही आभार, रविवारी तुकडे आणायला जाते. एक शंका. नवरा इंजिनिअर, तो म्हणतो चौरस हाही आयतच असतो, हे आत्ताच सांग म्हणजे पुढे गोंधळ नको. सांगू का?

बालवाडीच्या बाई

त्यांचं गणित बरोबर आहे, पण ते आत्ता सांगू नका. एका आकाराला दोन नावं लागतात हे पचायला आधी गुणधर्मांची, म्हणजे बाजू-कोपरे बघायची, पायरी पक्की व्हावी लागते, त्याला अजून वर्षं आहेत. फक्त एक पाळा: "हा चौरस आहे, आयत नाही" असं वाक्य घरात कुणी बोलू नये. तसं पक्कं बसलं की पुढे शाळेत ते खोडून काढायला फार त्रास होतो. तिने चौरसाला आयत म्हटलं तर "हो, आणि याच्या सगळ्या बाजू सारख्यासुद्धा आहेत" एवढं म्हणा.

पतंगाची घाई नको. आणि वाळलेले वाटाणे मोजून डब्यात ठेवा. या वयाची मुलं ते नाकात घालतात, घरात तिच्याहून लहान कुणी असेल तर वाटाण्याऐवजी कणकेच्या मोठ्या गोळ्या घ्या.