मदत हवी आहे: ३१२ नमुन्यांतून ६० कसे निवडायचे? (तातडीचे)

खोदकाम्या
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. ३१२ नमुने आहेत आणि प्रयोगशाळेत फक्त ६० तपासून होतील एवढीच तरतूद. कोणते ६० पाठवायचे? गाईड म्हणतात "प्रातिनिधिक घे". सहगाईड म्हणतात "टोकाचे घे, मधल्यांतून काय कळणार". दोघं एकमेकांशी बोलतील तोवर मी म्हातारा होईन. शुक्रवारपर्यंत यादी द्यायची आहे. वाचायला गेलो तर दर विषयाची तऱ्हा वेगळी. कुणीतरी एक नक्की पद्धत सांगा. चर्चा नको.

सांख्यिकाका
कसले नमुने? रक्ताचे, दगडांचे, माणसांचे? आणि ६० तपासून तुम्हाला नेमकं काय सांगायचं आहे? हे न विचारता 'नक्की पद्धत' सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

झटपट_उत्तर
एक्सेलमध्ये रॅण्डम आकड्यांचा कॉलम टाका, सॉर्ट करा, वरचे ६० उचला. पाच मिनिटांचं काम.

सांख्यिकाका
आला बघा.

पंचम_चाळीस
दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट वाचली आहे का? परत आलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांची भोकं होती तिथे नव्हे, तर जिथे नव्हती तिथे चिलखत चढवा, असं संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी सांगितलं. तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नव्हती ना! निवडीतली सगळी मेख त्यात आहे.

तिरकस
निवडीवरचा धागा आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादात विमान उतरलं नाही असं कधी होईल का?

खोदकाम्या
मातीचे नमुने आहेत. त्याने काय फरक पडतो ते कळलं नाही, निवड ती निवड. सेंद्रिय कर्ब आणि पोत काढायचा आहे. @झटपट_उत्तर, तेच करणार होतो, पण सहगाईड हाणून पाडतील.

बियाणेवाली
फरक पडतो तर! मी पीकवाणांच्या संग्रहावर काम करते. हजारो वाण असतात, सगळे दर हंगामाला लावून बघणं शक्य नसतं. म्हणून ऑटो फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये 'कोअर कलेक्शन'ची कल्पना मांडली: साधारण दहा टक्के वाण असे निवडायचे की संग्रहातली बरीचशी विविधता त्यात यावी. पुढे हरभऱ्यात त्या दहा टक्क्यांचेही दहा टक्के काढून 'मिनी कोअर' केला. रीत अशी: आधी मूळ ठिकाण आणि गुणधर्म बघून गट पाडायचे, मग प्रत्येक गटातून काही उचलायचे. मोठ्या गटाला सरळ प्रमाणात जागा दिल्या तर तो सगळ्या खाऊन टाकतो, म्हणून त्याचा वाटा कधी कधी मुद्दाम लॉगच्या हिशेबाने कमी करतात. तुम्हीही गट पाडा. दुसरं काही करू नका.

आणि एक. 'सगळ्यांत चांगले' निवडणं आणि 'सगळ्या प्रकारचे' निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत. आमच्याकडे नवीन मुलं पहिल्या वर्षी सर्वांत जास्त उतारा दिलेले वाण उचलतात आणि पुढच्या वर्षी ते खाली आले की हिरमुसतात. वर आलेल्यांत थोडा गुण असतो आणि थोडा त्या वर्षीचा जुगार. आनुवंशिकता (गुणातला पुढच्या पिढीत उतरणारा वाटा) ०.३ असेल तर निवडलेल्यांची सरासरी मूळ सरासरीपेक्षा १० एककांनी वर असली, तरी पुढच्या पिढीत ३ च एकक हाती लागतात.

सदतीस_टक्के
याचं गणिती उत्तर तयार आहे! पहिले ३७ टक्के नुसते बघून सोडून द्यायचे, त्यानंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला येईल तो घ्यायचा. सर्वोत्तम सापडण्याची शक्यताही तेवढीच, ३७ टक्के.

दुर्बीणवाली
@सदतीस_टक्के, ते एकच निवडायचा असेल, उमेदवार एकेक करून येत असतील आणि नाकारलेला परत बोलावता येत नसेल तेव्हाचं आहे. यांचे ३१२ डबे फळीवर बसलेत, कुठे पळून चालले आहेत?

खोदकाम्या, आमच्या खगोलात निवडीचं अर्धं काम आपल्या नकळत होऊन गेलेलं असतं. दुर्बिणीला ठरावीक तेजापर्यंतचंच दिसतं. त्यामुळे लांबच्या ताऱ्यांपैकी मुळातच झगझगीत असलेलेच यादीत शिरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, लांबचे तारे जास्त तेजस्वी असतात. याला माल्मक्विस्ट बायस म्हणतात, १९२० च्या दशकातलं काम. त्यावर एक साधा उपाय म्हणजे जिथपर्यंत मंद तारेसुद्धा दिसतात अशी अंतराची हद्द आखायची आणि तिच्या आतलेच मोजायचे. यादी निम्म्याहून लहान होते, जीव तुटतो, पण करावं लागतं.

तर माझा प्रश्न: ६० चं सोडा, हे ३१२ कुणी आणि कसे निवडले?

क्षकिरण
त्याआधी माझा प्रश्न. ३१२ पैकी प्रत्येकाबद्दल तुमच्याकडे आत्ता काही माहिती आहे का? रंग, खोली, कुठलंही स्वस्त मोजमाप?

खोदकाम्या
हो, इन्फ्रारेड स्पेक्ट्रम (माती कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते त्याचा आलेख) सगळ्यांचे घेऊन झालेत. ते यंत्र आमच्याच विभागात आहे, म्हणून ते हिशेबात धरलं नाही. ६० चे आकडे आले की स्पेक्ट्रमवरून उरलेल्या २५२ चा कर्ब काढायचा, हाच तर विषय आहे.

क्षकिरण
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!! मग तुमचा प्रश्न कॅलिब्रेशनचा, म्हणजे स्पेक्ट्रमवरून कर्ब सांगणारं मॉडेल बसवण्याचा आहे आणि त्याला केनर्ड-स्टोन आहे, १९६९ पासून. स्पेक्ट्रमचे मोजके मुख्य घटक (शेकडो आकड्यांचं सार सांगणारे थोडेसे आकडे) काढा. त्या अवकाशात एकमेकांपासून सर्वांत लांबचे दोन नमुने घ्या. मग प्रत्येक वेळी उरलेल्यांपैकी असा एक घ्या, की घेतलेल्यांपैकी जो त्याला सर्वांत जवळचा आहे तोही जास्तीत जास्त लांब असेल. ६० झाले की थांबा. तुमच्या सहगाईडचं बरोबर आहे: मॉडेलला टोकं दिसली पाहिजेत, नाहीतर जिथे कधी गेलंच नाही तिथले अंदाज ते ठोकून देईल. विषय संपला.

सांख्यिकाका
संपत नाही. केनर्ड-स्टोनला सर्वांत आवडतं काय? विक्षिप्त नमुना. डब्याची काच पुसलेली नव्हती, माती ओली राहिली, बारीक दळली गेली नाही, तर तो स्पेक्ट्रम सगळ्यांपासून लांब जाऊन बसतो आणि हे गणित पहिल्या फेरीत त्यालाच उचलतं. निवडीआधी सगळे स्पेक्ट्रम एकाच आलेखावर टाकून डोळ्यांनी बघा. जो वेगळा पडलाय त्याचा डबा उघडा आणि माती परत मोजा.

दुसरं, ही टोकं धरून निवडलेले ६० घेऊन त्यांची सरासरी काढून 'या भागाचा सरासरी कर्ब' असं लिहू नका. तुम्ही ते लिहिणार आहात का?

खोदकाम्या
हो, गाईडना तेही हवंय. एका प्रकरणात सरासरी, दुसऱ्यात मॉडेल.

सांख्यिकाका
म्हणजे दोघं गाईड भांडत नाहीयेत, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. सरासरीला प्रातिनिधिक लागतात, मॉडेलला पसरलेले.

मुलाखतकार
मी समाजशास्त्रातला आहे, थोडा वेगळा सूर. आमच्याकडे बऱ्याच अभ्यासांत प्रातिनिधिक असण्याचा आग्रहच नसतो. मुद्दाम वेगळी, चौकटीत न बसणारी माणसं शोधतो. नवीन मुलाखतीतून नवीन काही येईनासं झालं की थांबतो. ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी १९६७ मध्येच 'सॅच्युरेशन' मांडलंय. आकडा आधी ठरवणं हेच मुळात चूक. ६० च का?

झटपट_उत्तर
कारण पैसे ६० चे आहेत. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय.

सांख्यिकाका
आणि मुलाखत घेणाऱ्याला कंटाळा आला की सॅच्युरेशन होतं, हेही लिहा.

मुलाखतकार
काका, १९३६ ची अमेरिकेतली निवडणूक आठवते का? 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. तेव्हा आकड्यांचा माज कुणाला दाखवताय?

सांख्यिकाका
ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. फोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून पत्ते उचलले, त्यात उत्तर पाठवणारे हौशी तेवढेच मोजले. चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर त्याच्या शंभराव्या भागात काम झालं असतं.

माखली
निवडीचा खरा मुद्दा म्हणजे प्राणी कोणता निवडायचा. ऑगस्ट क्रोग १९२९ मध्ये म्हणाले होते की कित्येक प्रश्नांसाठी सोयीचा असा एखादा प्राणी असतोच. मज्जातंतूतली वीज मोजायला हॉजकिन आणि हक्सली स्क्विड या समुद्री प्राण्याकडे गेले, कारण त्याचा एक तंतू जवळजवळ अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, आत तार घालता येते. १९६३ चं नोबेल त्यावर मिळालं.

तिरकस
मातीच्या डब्यात स्क्विड. वाचनखूण साठवली आहे.

दुर्बीणवाली
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. ३१२ कुठून आले?

खोदकाम्या
७८ खड्डे, प्रत्येकी चार थर. खड्डे माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने खणलेत, मी नाही. वहीत जवळपास सगळ्यांसमोर 'रस्त्यालगत' लिहिलंय. जिथे गाडी पोचते तिथेच खणणार ना? सगळे तसंच करतात. आता शुक्रवारचं बोला.

सांख्यिकाका
७८ × ४! हे शेवटी सांगताय?

मग तुमच्याकडे ३१२ स्वतंत्र नमुने नाहीतच. एका खड्ड्यातले चार थर ही सख्खी भावंडं, तोंडावळा सारखा असणारच. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिस्थितीशास्त्रातल्या प्रयोगांवर याच कारणासाठी झोड उठवली होती, त्याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. तुमच्या बाबतीत ते कसं चावेल सांगतो. खड्डा क्रमांक २३ चा वरचा थर मॉडेल शिकवायला वापरला आणि त्याच्याच खालचा थर मॉडेल तपासायला ठेवला, तर मॉडेल छान पास होतं. त्याने माती ओळखलेली नसते, खड्डा २३ ओळखलेला असतो. नव्या खड्ड्यावर गेलात की आपटी. म्हणून वाटणी करायची ती खड्ड्यांची, डब्यांची नाही.

क्षकिरण
हे मान्य. केनर्ड-स्टोनने सगळे ६० निवडून मग उरलेल्यांतून तपासणीचे घेतले तर तेही फसवं होतं. टोकाचे सगळे शिकवणीत गेलेले असतात, तपासायला मधले, सोपे उरतात.

बियाणेवाली
मातीवाल्यांकडे कंडिशन्ड लॅटिन हायपरक्यूब म्हणूनही काहीतरी आहे ना? मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी, २००६. उंची, उतार, पाऊस यांच्या प्रत्येक पट्टीतून सारखे नमुने येतील असं बघतात. ते माझ्या गटांच्या जास्त जवळचं आहे, केनर्ड-स्टोनपेक्षा उजवं.

क्षकिरण
उजवं वगैरे काही नाही. ते खणण्याआधी जागा ठरवायला. यांचे खड्डे खणून झालेत.

सांख्यिकाका
त्यांच्या स्पेक्ट्रमच्या घटकांवरही चालेल ते. उगाच कंपू करू नका.

पंचम_चाळीस
अवांतर: मातीचा आणि शेताचा विषय निघालाच आहे तर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं नाव घ्यायलाच हवं. पीककापणी प्रयोगात शेतात लहानसा तुकडा दोरीने आखून तेवढंच पीक कापून तोलतात. दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगतो. कारण अगदी हाताशी आहे: दोरीवर येणारं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडा जास्त, म्हणून ओढलेली ताटंही जास्त. निवडीचं गणित चोख होतं, पण दोरीपाशी बिघडत होतं.

तिरकस
विमानापेक्षा हे कितीतरी बरं होतं. आधी हेच टाकायचं.

दुर्बीणवाली
खोदकाम्या, तुमच्या बाबतीत दोरी म्हणजे रस्ता. रस्त्यालगत भर टाकलेली असते, पाणी वळवलेलं असतं, आतल्या भागापेक्षा माणसाचा वावर जास्त. ६० कितीही हुशारीने निवडलेत तरी ते सांगतील रस्त्यालगतच्या मातीबद्दलच. सरासरीच्या प्रकरणात पहिल्याच परिच्छेदात हद्द लिहून टाका. रिव्ह्यूअरने काढण्याआधी आपणच लिहिलेलं बरं.

खोदकाम्या
ते लिहीन. नवीन खड्डे मात्र खणणार नाही, ते कुणी सुचवू नका. तर असं करतो, चुकत असेल तर सांगा:

७८ मधून ८ खड्डे चिठ्ठ्या टाकून बाजूला. त्या प्रत्येकातले २ थर, तेही चिठ्ठीने, म्हणजे १६ डबे तपासणीला. उरलेल्या ७० खड्ड्यांच्या २८० डब्यांतून केनर्ड-स्टोनने ४०, एका खड्ड्यातून एकच. राहिले ४, ते आधी पाठवलेल्यांपैकीच, पण वेगळे क्रमांक टाकून परत पाठवायचे, म्हणजे प्रयोगशाळेचे आकडे किती हलतात ते कळेल. ही दुबारची युक्ती दुसऱ्या गाईडच्या एका विद्यार्थ्याने सांगितली.

क्षकिरण
एका खड्ड्यातून एकच कशाला? दोन चालतील. वरच्या आणि सर्वांत खालच्या थरात कर्बाचा फरक मोठा असतो, तो मॉडेलला एकाच जागी दिसू द्या.

बियाणेवाली
एकच ठेवा. ४० वेगळ्या जागा मिळताहेत, त्या का घालवायच्या? पण चारही थरांना साधारण सारखा वाटा मिळतोय ना ते बघा, नाहीतर सगळे वरचेच काळे थर निवडून येतील.

मुलाखतकार
आणि ज्या चार-पाच डब्यांचे स्पेक्ट्रम विचित्र आले म्हणून काकांनी परत मोजायला सांगितले, ते परत मोजूनही विचित्रच राहिले तर फेकू नका. त्या विद्यार्थ्याची वही काढा, त्या खड्ड्यासमोर काय लिहिलंय वाचा. कधी कधी सगळा शोधनिबंध तिथेच असतो.

सांख्यिकाका
याच्याशी सहमत, नाइलाजाने. खोदकाम्या, आराखडा चालेल. तपासणीला १६ कमीच आहेत, पण ६० मध्ये यापेक्षा जास्त ओढाताण करता येणार नाही. त्रुटीचा आकडा देताना त्याची व्याप्तीही द्या. सरासरी काढायची तर नुसत्या ६० ची नको, ३१२ च्या अंदाजांवरून काढा, आणि थरांची जाडी वेगवेगळी असेल तर तिचा भार लावून. थर किती जाडीचे आहेत?

खोदकाम्या
वहीत असेल. बघून सांगतो. चिठ्ठ्या म्हणजे खऱ्या कागदाच्या टाकू की संगणकावर चालेल?

झटपट_उत्तर
एक्सेल. मी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

सांख्यिकाका
एक्सेलमध्ये आकडे दर वेळी बदलतात, निघाले की लगेच व्हॅल्यू म्हणून चिकटवा. त्यापेक्षा आर किंवा पायथनमध्ये करा आणि सीड (ज्या अंकापासून संगणक चिठ्ठ्या काढतो तो; तोच दिला की त्याच चिठ्ठ्या परत येतात) लिहून ठेवा. आवडते आठ खड्डे येईपर्यंत परत परत चिठ्ठ्या काढल्या नाहीत, एवढं तरी गाईडना दाखवता येईल.