रिपोर्टमधला '४' म्हणजे चौथी स्टेज नव्हे

मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, रिपोर्ट 'डॉक्टरांची तारीख येईपर्यंत उघडूच नका' असा सल्ला देतात. पटतो, पण पाळणार कोण? मी तर रिक्षातच पाकीट फोडलं. शेवटच्या ओळीत 'बायरॅड्स ४' दिसलं आणि मी ते कॅन्सरची चौथी स्टेज समजून बसले. स्पेशालिस्टची वेळ नऊ दिवसांनंतरची. घरी कुणाला बोलले नाही. सासूबाईंना वाटलं, पित्त झालंय. बायरॅड्सच्या त्या आकड्याचा स्टेजशी काही संबंध नसतो. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे रेडिऑलॉजिस्टला, कॅन्सरचा किती संशय वाटतो, एवढंच तो सांगतो. ० म्हणजे आणखी तपासण्या हव्यात. ३ म्हणजे बहुधा साधं, कॅन्सरची शक्यता फार तर २ टक्के, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. ४ म्हणजे बायोप्सी करून, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासून, खात्री करा. त्यातही '४ए' असेल तर शक्यता २ ते १० टक्के. माझं ४एच होतं, तो 'ए' मी वाचलाच नव्हता! निघाली साधी, कॅन्सर नसलेली फायब्रोअ‍ॅडेनोमाची गाठ.

आणि हो, मॅमोग्राफीला जाताना काखेत डिओ, पावडर नको, त्याचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसू शकतात. मात्र कातडी लाल होऊन सुजली असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर दिलेल्या तारखेपर्यंत थांबू नका. फोन करून लवकरची मागा.