मदत हवी आहे: वारसा यादीतली जुनी इमारत घेऊन परवडणाऱ्या भाड्याने देणं जमेल का?

नमस्कार मंडळी. वारसा यादीतली एक छोटी निवासी इमारत आम्ही दोघी बहिणी विकत घ्यायचा विचार करतोय. सध्याचे भाडेकरू तिथेच राहावेत आणि भाडं त्यांच्या आवाक्यातलं असावं, ही मनापासून इच्छा.

खरी काळजी दुरुस्तीची. भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. त्यांवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते आणि विटा झिजू लागतात, म्हणजे काम चुन्यातच करावं लागणार. त्यातले जाणकार कारागीर सहज मिळत नाहीत. दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगी, तीही वेळखाऊ.

भाड्यातला किती हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता? आणि खरेदीआधीच्या तपासणीला स्ट्रक्चरल इंजिनिअर पुरतो की संवर्धनातला वास्तुविशारदही हवा? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.