मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटजवळचे दोन कपॅसिटर तुटून उडाले, मशीन चालवत राहू का?

नमस्कार मंडळी,

चोपड्याला आमचं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम आहे. आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आलीये आणि लोकांच्या लग्नांचं फुटेज हार्डडिस्कवर पडून आहे, म्हणून जरा घाईत लिहितोय.

धूळ साफ करायची म्हणून चुलतभाऊ ग्राफिक्स कार्ड काढत होता. स्लॉटच्या टोकाची क्लिप कार्डाखाली दडलेली, बोट पोचेना, म्हणून त्याने ती स्क्रूड्रायव्हरने दाबली. ड्रायव्हर सटकला आणि स्लॉटलगतच्या बारीक कपॅसिटरच्या रांगेवरून घसरला. शेजारशेजारचे दोन उडाले. मोहरीपेक्षाही बारीक, तपकिरी, वर काही छापलेलं नाही. एक टेबलावर सापडला, पण त्याचा कोपरा तुटलाय. दुसरा गायब.

मशीन: आय ५ ९४०० एफ, बी ३६५ बोर्ड, जीटीएक्स १६६०. या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड काढून काम भागवायची सोय नाही. वॉरंटी संपलेली आहे.

मशीन सुरू होतं, डिस्प्ले येतो. पण जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) आधी एक्स १६, म्हणजे डेटाच्या सोळा वाटा (लेन), दिसायचं, आता एक्स ८ दिसतंय. त्यातलीच रेंडर टेस्ट लावून पाहिली, तरी एक्स ८ च. इथल्या दुकानदाराने बोर्ड बदलायला सांगितलं. या पिढीचा नवा बोर्ड आता सहज मिळत नाही आणि जुन्या बोर्डावर माझा भरवसा बसत नाही.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. असंच चालवलं तर कार्ड किंवा प्रोसेसर खराब होईल का? कपॅसिटर किती व्हॅल्यूचा लावायचा? आणि आपल्या खान्देशात हे काम नीट कोण करेल? भाऊ फार खट्टू झालाय, जेवणात लक्ष नाही त्याचं. त्याच्यासाठीही हे सुधारायला हवं.

प्रतिसाद (धुळे)

दादा, चिंता करू नको, काम व्हई जाई.

तुझी लक्षणं एकमेकांशी जुळतात. स्लॉटजवळच्या त्या रांगेतले कपॅसिटर प्रोसेसरकडून कार्डाकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वाटेत असतात. एका लेनला दोन तारांची जोडी, म्हणून शेजारचे दोन गेले म्हणजे बहुधा एकच लेन गेली. क्लिपकडच्या टोकाला शेवटच्या लेन येतात. त्यातली एक तुटली की कार्ड आणि बोर्ड आपसात ठरवून पहिल्या आठ लेनवर येतात. घाव दुसऱ्या टोकाला, पहिल्या लेनवर बसला असता तर कदाचित डिस्प्लेच आला नसता.

एक्स ८ वर तुझ्या बोर्डाच्या पीसीआय एक्स्प्रेस तिसऱ्या पिढीच्या स्लॉटला एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबीऐवजी ८ जीबी मिळतात. तुझ्या कार्डाला तेवढे पुष्कळ आहेत, एक्स्पोर्टला फरक जेमतेम जाणवेल. हे कपॅसिटर वीजपुरवठ्याचे नाहीत, त्यामुळे ते नसल्याने काही जळत नाही. फक्त त्या जागी तार जोडून काम चालवायला कोणी सांगितलं तर ऐकू नको. दोन्ही बाजूंचा डीसी व्होल्टेज एकमेकांपासून तोडण्यासाठीच ते असतात.

व्हॅल्यू: स्लॉटच्या या तिसऱ्या पिढीसाठी १७६ ते २६५ नॅनोफॅरड लागतं, बाजारात ०.२२ मायक्रोफॅरड (म्हणजे २२० नॅनोफॅरड) माग. सिरॅमिकचा प्रकार एक्स ७ आर किंवा एक्स ५ आर चालेल. आकार बहुतेक ०४०२, म्हणजे १ बाय अर्धा मिलीमीटर, पण शेजारचा मोजून खात्री कर. याला प्लस-मायनस नसतं. कोपरा तुटलेला परत लावू नको, आतल्या थरांना भेग गेलेली असू शकते.

प्रतिसाद (भुसावळ)

वरच्यांचं सगळं पटतं, पण "चालव" म्हणण्याआधी तो हरवलेला तुकडा शोधायला हवा. तो कुठे प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याजवळ अडकला आणि शॉर्ट झाला, तर खरं नुकसान तेव्हा होईल. प्लग काढ, हार्डडिस्क बाहेर काढून लांब ठेव, जुन्या स्पीकरच्या चुंबकाला पांढरा कागद गुंडाळून कॅबिनेटच्या तळाशी फिरव. यांच्या टोकांना निकेलचा थर असतो, बहुतेक वेळा चिकटतात. बोर्डाला घासू मात्र नको.

दुसरं, भिंगातून पॅड, म्हणजे कपॅसिटर सोल्डर केलेल्या जागा, बघ. पॅड चमकताहेत की उपटून आलेत? ड्रायव्हर जिथून गेला तिथे ट्रॅकवर (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेवर) ओरखडा आहे का? सगळं त्यावर ठरेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तुकडा सापडला! कार्डाच्याच पंख्याखाली, धुळीत अडकला होता. चुंबकाने लगेच उचलला. भिंगातून चारही पॅड जागेवर दिसतात, थोडं सोल्डरही आहे. एका ट्रॅकवरचा रंग खरवडलाय, खाली तांबं दिसतंय पण तुटलेलं वाटत नाही. मल्टिमीटर आहे, काय मोजू?

प्रतिसाद (जळगाव)

मी मोबाईल बोर्डाचं काम करतो. वीज बंद ठेवून मीटर डायोडवर लाव, लाल प्रोब ग्राउंडला, काळा पॅडवर. शेजारच्या चांगल्या कपॅसिटरच्या त्याच बाजूला जेवढं येतं, साधारण तेवढंच इथे यायला हवं. शेजारी आकडा येऊन इथे ओपन (जोड नाही) आलं तर ट्रॅक तुटलाय, त्या तुटलेल्या ट्रॅकवर जंपर (बारीक तार) मारावा लागेल.

हे काम कॉम्प्युटर दुकानात शोधू नको. आम्ही रोज याहून लहान पार्ट सूक्ष्मदर्शकाखाली लावतो. या पॅडना ग्राउंडचा मोठा थर जोडलेला नसल्यामुळे बारीक टीपनेही पटकन गरम होतात. हॉट एअर उघड्यावर मारला तर मात्र स्लॉटचं प्लास्टिक वितळतं, म्हणून करणाऱ्याला आधी हीट टेप लावायला सांग.

गोलाणी मार्केटला आलास तर आमच्यापैकी बरेच जण भेटतील. आधी विचार, "सूक्ष्मदर्शक आहे का, ०४०२ लावता का?" उत्तर देताना अडखळला तर पुढच्या दुकानात जा.

धागाकर्ता

मोजलं. दोन्ही ट्रॅक शेजाऱ्यांसारखेच दाखवतात. भावाला सांगितलं, तेव्हा कुठे त्याने चहा घेतला.

ठरवलंय की आखाजीपर्यंत एक्स ८ वरच काम उरकायचं, मग बोर्ड घेऊन जळगावला यायचं. प्रोसेसर काढून आणू का?

प्रतिसाद (जळगाव)

अजिबात नको. सॉकेटच्या पिना उघड्या पडतात, एक वाकली की हे दुखणं परवडलं म्हणशील. प्रोसेसर आणि रॅम बोर्डावरच राहू दे, कार्ड वेगळं गुंडाळून आण. कपॅसिटर लावल्यावर जीपीयू-झेडमध्ये एक्स १६ बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.