बर्फ वितळवला की अशुद्धीचा पत्ता हरवतो
बर्फात कोणती अशुद्धी आहे हे शोधायचं तर "नमुना वितळवून आयन क्रोमॅटोग्राफवर (पाण्यात विरघळलेले आयन वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) चढवला की सगळं कळतं" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. सल्फेट, क्लोराइड किती ते कळेल. पण ते बर्फात नेमकं कुठे बसलं होतं? १९८८ साली मल्व्हेनी, वुल्फ आणि ओट्स या संशोधकांनी अंटार्क्टिकाचा बर्फ गोठलेलाच ठेवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा सल्फ्युरिक आम्ल सापडलं ते तीन स्फटिक जिथे भिडतात त्या बारीक शिरांमध्ये.

प्रयोगशाळेतल्या बर्फाची तऱ्हा आणखी वेगळी. गोठताना क्षार स्फटिकाबाहेर ढकलले जातात, म्हणून एका बाजूने सावकाश गोठवलेल्या ठोकळ्याचं पहिलं टोक बरंचसं स्वच्छ आणि शेवटचं खारट. तुकडा कुठून कापला हे न सांगता दिलेला आकडा मला तरी निरुपयोगी वाटतो. आणि हो, सूक्ष्मदर्शकात स्फटिकांच्या सीमांवर पांढरे धागे दिसले तर लगेच हुरळून जाऊ नका. सूक्ष्मदर्शकातल्या निर्वातात बर्फाचं संप्लवन होत राहतं, म्हणजे तो न वितळता थेट वाफ होतो, आतली अशुद्धी पृष्ठभागावर साचते आणि धागा त्यातूनच तयार झालेला असू शकतो. रामन वर्णपटाने (लेसरचा प्रकाश टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याच्या पद्धतीने) पृष्ठभागाच्या आत डोकावता येतं, तिथे हा घोळ टळतो. मात्र कोरडं सोडियम क्लोराइड रामनला जवळपास दिसतच नाही.